नाटकासाठी खोट्या जखमा खऱ्या वाटतील अशा करायला घरच्या घरी कसं शिकावं?

कॉलेजच्या एकांकिकेत कपाळावरची खोक आणि मुका मार दाखवायचाय, क्लासला पैसे नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. मी हौशी नाटकांची रंगभूषा करतो, शिवाय नर्सिंगच्या मुलींच्या मॉक ड्रिलसाठी जखमा बनवून देतो. माझं ऐकाल तर रक्ताला शेवटी हात लावा. आधी मुका मार शिका, त्याला नुसते रंग पुरतात.

पहिल्या ड्रिलला मी एका मुलीच्या दंडावर लाल, जांभळा, हिरवा, पिवळा असे सगळे रंग भरले होते. तिथल्या सिस्टरनी विचारलं, "मार कधी लागलाय हिला?" म्हटलं, आत्ताच. "मग हिरवा कसा?" ताजा मार लालसर असतो, एक-दोन दिवसांत निळा-जांभळा होतो, पाच-सहा दिवसांनी कडेने हिरवट आणि मग पिवळा पडत जातो. कातडीखाली साकळलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन फुटून आधी हिरवं बिलिव्हर्डिन, मग पिवळं बिलिरुबिन तयार होतं, त्याचे हे रंग. तेव्हापासून मी दिग्दर्शकाला आधी विचारतो, जखम कशाने झाली आणि किती वेळापूर्वी? रंग ब्रशने ओढू नका, खरखरीत स्पंजने टिपा.

खोकेसाठी स्कार वॅक्स घ्या, म्हणजे कातडीवर बसवून हवा तसा आकार देता येणारं मऊ मेण. कपाळ पुसून कोरडं करा, स्पिरिट गमचा (रंगभूषेत कातडीवर लावायच्या डिंकाचा) पातळ थर द्या, त्यावर कापसाचे चार तंतू चिकटवा आणि मग वॅक्स बसवा. तंतू नसले तर दिव्यांच्या उष्णतेत घाम येऊन वॅक्स सुटतं. सगळी मेहनत कडांवर घ्या. बोटाला किंचित व्हॅसलीन लावून कड इतकी पातळ करा की कातडी कुठे संपते ते कळू नये. मग बोथट पात्याने चीर पाडा, तळाशी काळपट लाल भरा, कडेने हलकी लाली द्या.

रक्ताला केकच्या सामानाच्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज, लाल खायचा रंग, चिमूटभर कोको आणि निळ्याचा अगदी थेंब. कागदावर ओढून बघा, गुलाबी पडलं तर कोको वाढवा. एक-दोन थेंब सोडा आणि त्यांना आपोआप ओघळू द्या. पात्र आडवं पडलेलं असेल तर ओघळ कानाकडे जायला हवा, हनुवटीकडे नाही. निळ्या प्रकाशात लाल रक्त काळं दिसतं, म्हणून रंगीत तालमीतच तपासा. या रक्ताचे डाग कपड्यावरून सहज जात नाहीत.

भाजल्याची जखम करायला पुढे लिक्विड लेटेक्स (वाळल्यावर कातडीसारखा थर होणारं पातळ रबर) वापराल, तेव्हा आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघा, काहींना त्याची ॲलर्जी असते. त्यात अमोनिया असतो, डोळ्यांजवळ नको. भुवयांवर तर मुळीच नको, काढताना केस उपटून येतात. वॅक्स खोबरेल तेलाने निघतं. स्पिरिट गम ओढून काढू नका, त्याचा रिमूव्हर घेऊनच या.