कष्टकरी मतदार डाव्या पक्षापासून का तुटतात?

पिढ्यानपिढ्या डाव्यांना मत देणारी कामगार वस्ती एके दिवशी दुसऱ्याच पक्षाकडे कशी जाते, असं तुम्ही विचारलंय. मी मुंबईत लालबागच्या चाळीत वाढलो, म्हणून तिथल्या कापड गिरण्यांच्या भागाचं, गिरणगावाचंच सांगतो. ती एके दिवशी जात नाही. आधी घरातली मुलं जातात.

माझे आजोबा साचेवाले, म्हणजे गिरणीत मागावर कापड विणणारे. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत कम्युनिस्ट पुढारी कॉम्रेड डांगे लोकसभेवर निवडून आले, १९६७ ला पुन्हा आले. दोन्ही वेळा आजोबांचं मत त्यांनाच. १९७० मध्ये इथले कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई उभ्या राहिल्या आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक दोन हजारांहून कमी मतांनी जिंकले. आजोबांनी सरोजिनीबाईंना मत दिलं, वडिलांनी महाडिकांना. एका खोलीत दोन मतं.

वडील मॅट्रिक झाले होते. आजोबांच्या ओळखीने बदली कार्ड, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी काम, मिळालं असतं, पण रोज सकाळी गेटवर उभं राहायचं आणि काम नसलं की डबा तसाच घरी आणायचा, हे त्यांना नको होतं. युनियन गेटपर्यंत होती. महागाई भत्ता, बोनस, वाढीव साचे यांवर तिचे पुढारी तासभर बोलायचे, आणि अभ्यासून बोलायचे. पण गिरणीत नसलेला, नोकरी नसलेला हा मुलगा त्यांच्या कुठल्याच खात्यात बसत नव्हता. शिवसेनेच्या शाखेत बसला. तिथल्या एकाने वडिलांचा बँकेचा अर्ज स्वतःच्या हाताने भरला, फोटोला डिंक लावून चिकटवला आणि पोस्टात टाकायला सोबत गेला. वडील आजही हे सांगतात. शाखेचा परप्रांतीयांवरचा राग मला कधीच पटला नाही. तरी त्या डिंकाचं महत्त्व डाव्यांना कळलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दलित कामगार तर त्याच्या कितीतरी आधीपासून दूर होते. साचाखात्यात त्यांना कामच मिळत नसे. मागाच्या धोट्यातली कांडी, म्हणजे सुताची गुंडाळी, बदलली की नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि सवर्ण साचेवाले विटाळ मानत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. कामगार सगळे एक, म्हणणाऱ्या युनियनने तो वेळीच धसाला लावायला हवा होता. जातीचं नंतर बघू म्हटलं की ज्याला रोज ती सोसावी लागते तो थांबत नाही.

आजोबा मात्र डाव्यांपासून तुटले ते आणीबाणीत. १९७५ मध्ये सरकारने किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला. गिरणी कामगाराची दिवाळी, गावची मनीऑर्डर, सावकाराचं देणं, सगळं त्या बोनसवर. आणि आजोबांचा कम्युनिस्ट पक्ष त्याच सरकारच्या पाठीशी उभा! इतकी वर्षं निष्ठेने मत दिलेल्या माणसाला हे कोणी कसं समजावणार होतं?

कामगाराचे प्रश्न लोकांनी सोडले, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या मागे गेले. सामंत कम्युनिस्ट नव्हते. मालकांनी मान्यता असलेल्या एकाच युनियनशी बोलायचं, असं बांधून ठेवणारा १९४६ चा कायदा रद्द करा, ही त्यांची मागणी कामगाराला स्वतःची वाटली. संप मोडला, घरं मोडली. तरी १९८४ च्या अखेरीस, इंदिराजींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना, दक्षिण-मध्य मुंबईने सामंतांनाच लोकसभेत पाठवलं. त्या दिवशी आजोबा आणि वडील एकत्र मतदानाला गेले. १९७० नंतर आमच्या घरातली दोन मतं पहिल्यांदा एकाच नावावर पडली.