भाऊ, कादंबरी लिहितोयस ना, मग आधी गुपित ठरव

तुझी पहिली तीन प्रकरणं वाचली, पोरगा वाड्यातल्या कोठीतून थेट 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला पोचतो, काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन चालू, हे फार भारी आहे रे. पण आजोबांनी नेमकं काय लपवलं ते तुलाच अजून पक्कं माहीत नाहीये, आणि ते वाचताना कळतं. आधी गुपित ठरव, कोणाला किती माहीत होतं ते वहीत लिही, मग काळाची उडी.

दुसरं म्हणजे काळाचे पुरावे. 1936 मध्ये जळगाव जिल्हा नव्हता, पूर्व खान्देश होता, म्हणजे तुझ्या पाकिटावरचा पत्ता बदल. पैसे आण्यात, सोळा आण्यांचा रुपया, नवे पैसे 1957 ला आले. जमिनीचा जुना कागद मोडी लिपीत दाखव, नातवाला तो वाचताच येत नाही आणि वाचू शकणारी एकटी आत्या, जिला ते गुपित दाबायचंय, बघ इथेच थ्रिलर तयार झाला, पिस्तूल वगैरे लागतच नाही!

आणि बोली सांभाळ. फैजपूरकडची आजी लेवा बोली बोलेल, धुळ्याकडची अहिराणी, तू दोन्ही एकत्र केल्यात, आपल्याकडचा वाचक लगेच पकडतो.

भूतकाळात काय बदलता येतं याचा नियम एकच ठेव, आणि शेवट अडला म्हणून तो मोडू नको, मी माझ्या पहिल्या हस्तलिखितात मोडला होता, अख्खा दुसरा भाग परत लिहावा लागला. चौथं प्रकरण झालं की पाठव, वाट बघतोय.