झिजलेल्या रोमन नाण्यावरचा सम्राट कोण, हे कसं ओळखायचं?

जर्मनीतल्या ट्रीयरच्या जुन्या बाजारात घेतलेलं १७ मिमीचं तांब्याचं नाणं, चेहरा पार पुसलेला, मागे दोन सैनिक. तर सम्राट कोण, असं तुम्ही विचारलंय. तुमचे फोटो बघितले. आधी चेहऱ्याचा नाद सोडा आणि नाणं पालथं करा.

समोरासमोर दोन सैनिक आणि मध्ये दोन ध्वजदंड, म्हणजे हे ‘ग्लोरिया एक्झर्सिटुस’ (सैन्याचा गौरव) प्रकारचं नाणं. साधारण इ.स. ३३० ते ३३५ मध्ये ही नाणी ढिगाने पाडली गेली. पुढे मधला दंड एकच उरला आणि नाणंही हलकं झालं. म्हणजे तुमचं नाणं पाडलं तेव्हा रोमन सम्राट थोरला कॉन्स्टंटाइन जिवंत होता. तो गेला ३३७ मध्ये. (मागे लांडगी असती तर सम्राटाचा प्रश्नच मिटला असता, तिथे पुढच्या बाजूला सम्राटाऐवजी देवीच्या रूपातल्या रोम नगरीचं मुख असतं.)

आता उरले बाप आणि तीन मुलगे: धाकटा कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टंटियस, कॉन्स्टन्स. चौघेही सफाचट दाढीचे, आणि कोरणाऱ्यांनी चौघांना जवळपास एकच तोंड दिलंय. तेव्हा डोक्यावर काय आहे ते बघा. बापाला बहुधा फुलाफुलांची रत्नपट्टी असते, झिजली तरी गोल ठिपक्यांची रांग राहते. मुलांना पानांची माळ. तुमच्या नाण्यावर कपाळाच्या वर एक टोकदार पान मला दिसतंय.

निकाल मात्र अक्षरांचा. चेहऱ्याभोवतीचा लेख डावीकडे खालून सुरू होऊन घड्याळाच्या दिशेने फिरतो. शेवटी ‘ए-व्ही-जी’ (ऑगस्टस, म्हणजे मुख्य सम्राट) असेल तर बाप. ‘एन-ओ-बी’ आणि सुटा ‘सी’ असेल तर सीझर (कनिष्ठ सम्राट), म्हणजे मुलगा. तुमचा तो सुटा ‘सी’ शाबूत आहे. आता सुरुवात ‘एफ-एल’ने असेल तर कॉन्स्टंटियस किंवा कॉन्स्टन्स, ‘सी-ओ-एन’ असेल तर धाकटा कॉन्स्टंटाइन. माझा कौल त्यालाच. सैनिकांच्या पायाखाली ‘टी-आर’ आहे, ती ट्रीयरचीच टाकसाळ. नाणं फार लांब गेलेलं दिसत नाही!

कृपा करून चिंच-लिंबू लावू नका. माझं पहिलं नाणं मी देवाच्या तांब्यासारखं चिंचेने घासलं. तपकिरी थर निघाला आणि त्याच्याबरोबर नावही गेलं, कारण अक्षरं त्या थरातच उरली होती. त्याऐवजी खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च नाण्याच्या अगदी कडेला आडवा धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. डावीकडच्या खालच्या भागाचा तसा एक फोटो टाका, मग नक्की सांगतो.