केनेडींनी पत्रकारांसमोर ‘गुप्त संघटनां’विरुद्ध भाषण केलं म्हणून त्यांची हत्या झाली, हे खरं आहे का?

नाही. ज्या क्लिपवरून तुम्ही हे विचारताय ती माझ्याही फोनवर आली आहे, गूढ पार्श्वसंगीतासकट. पाठवणारा माणूस उभं आयुष्य वर्तमानपत्रात घालवून निवृत्त झालाय, म्हणून उत्तर जरा लांबणार.

भाषण खरं आहे, आवाजही अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचाच. २७ एप्रिल १९६१, न्यूयॉर्कचं वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेल, समोर अमेरिकेतल्या वृत्तपत्रांचे प्रकाशक. आदल्याच आठवड्यात क्युबात बे ऑफ पिग्जला नाचक्की झालेली. कॅस्ट्रोचं सरकार पाडायला सीआयएने, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने, तयार केलेले सुमारे १,४०० क्युबन निर्वासित १७ तारखेला किनाऱ्यावर उतरले आणि तीन दिवसांत सगळा खेळ आटोपला. तयारीच्या बातम्या आधीच छापून आल्या होत्या, तो राग होताच. सुरुवात मात्र कार्ल मार्क्सच्या किश्शाने: मार्क्स लंडनहून न्यूयॉर्क ट्रिब्यूनसाठी लिहायचा, त्या लोकांनी मानधन वाढवून दिलं असतं तर पुढचा इतिहासच वेगळा झाला असता, वगैरे. मग गंभीर भाग आणि मग मागणी. प्रत्येक बातमीला तुम्ही ‘ही बातमी आहे का?’ असं विचारता, त्याला ‘ही राष्ट्रीय सुरक्षेच्या हिताची आहे का?’ हा प्रश्नही जोडा.

‘गुप्त संघटना, गुप्त शपथा’ हे वाक्य या मागणीच्या बरंच आधी येतं. आपला समाज मुळात लपवाछपवीच्या विरोधातला आहे, एवढंच त्यात आहे; मागण्याआधीचा नमस्कार म्हणा. आणि ज्या ‘निर्दय कारस्थाना’वर सगळ्या फॉरवर्डवाल्यांचा डोळा असतो ते म्हणजे सोव्हिएत कम्युनिझम. आक्रमणाऐवजी घुसखोरी, निवडणुकीऐवजी उलथापालथ, दिवसाच्या फौजांऐवजी रात्रीचे गनीम, असं वर्णन आहे. त्याच ओघात पुढे ‘शीतयुद्ध’ हा शब्द स्पष्ट येतो. माझ्याकडे आलेल्या क्लिपची कात्री नेमकी त्याच्या आधी चालली आहे. म्हणजे जो माणूस ‘जरा कमी छापा’ म्हणत होता, तो क्लिपमध्ये ‘सगळं उघड करा’ म्हणणारा हुतात्मा झाला.

आता ही कात्री मला का झोंबते ते सांगतो.

मी एका जिल्हा दैनिकात डेस्कवर होतो. ६ जानेवारी, पत्रकार दिन. बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार, शाल-श्रीफळ, मागे मसालेभाताचा वास, आणि एक मंत्री आमच्यापुढे परराष्ट्र धोरणावर बोलतायत. ठरलेलं दृश्य. मंत्री हुशार होते. पहिली दहा मिनिटं म्हणाले, आमच्यावर टीका करा, झोडपा, तो तुमचा धर्मच आहे. टाळ्या. मग आवाज खाली आणून म्हणाले, पण सीमेचा, संरक्षणाचा विषय आला की छापण्याआधी आमच्या अधिकाऱ्यांना एकदा विचारत चला. टाळ्या त्यालाही, कारण जेवणाची वेळ झाली होती.

मी इंट्रो, म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद, त्या दुसऱ्या मागणीवर लिहिला. वृत्तसंपादकांनी कॉपी हातात घेतली, लाल पेनाने खालचा निम्मा भाग उडवला आणि मथळा दिला, ‘सरकारवर बेधडक टीका करा’.

मी म्हटलं, “साहेब, खरी मागणी खाली आहे.”

“अरे, मंत्री टीका करा म्हणतो ही बातमी. बाकीचं भाषण असतंच. डाक आवृत्ती सोडायचीय, डोकं खाऊ नकोस.”

पहिल्या पानावर तीन कॉलम लागली. पुढे आमचा बातमीदार संरक्षण खात्याच्या भूसंपादनाबद्दल विचारायला गेला, तर अधिकारी शांतपणे म्हणाले, “विचारून छापायचं ठरलंय ना तुमचं? तुमच्याच कार्यक्रमात.” वाचकांना यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण आम्हीच ते कापलं होतं. यावर साहेबांचं आणि माझं जे वाजलं ते त्यांच्या निरोप समारंभापर्यंत वाजत राहिलं. तेच साहेब आता केनेडींची क्लिप पाठवून खाली लिहितात, ‘प्रत्येक पत्रकाराने ऐकावे’. ऐका ना साहेब, पण पूर्ण ऐका. बोस्टनच्या केनेडी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मजकूर आणि ध्वनिफीत दोन्ही आहेत, वीसेक मिनिटांचं काम आहे.

आपल्याकडेही हेच. नेहरू ३ डिसेंबर १९५० ला संपादकांच्या अखिल भारतीय परिषदेत म्हणाले की, दडपलेल्या किंवा नियंत्रित वृत्तपत्रांपेक्षा, गैरवापराचे सगळे धोके पत्करून, मला पूर्ण स्वतंत्र वृत्तपत्रं चालतील. हे वाक्य त्यांचे भक्त फिरवतात. जून १९५१ मध्ये त्यांच्याच सरकारने पहिली घटनादुरुस्ती करून भाषणस्वातंत्र्याच्या मर्यादा सांगणाऱ्या कलम १९(२) मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध आणि गुन्ह्याला चिथावणी ही बंधनं घातली. हे त्यांचे विरोधक फिरवतात. निर्बंध ‘वाजवी’ असावेत ही अटही त्याच दुरुस्तीने आली, ते दोघंही सांगत नाहीत.

म्हणून माझं मत: नेता पत्रकारांसमोर जगाबद्दल बोलत असला तरी काहीतरी पत्रकारांकडेच मागत असतो. ती मागणी सापडली की भाषण सापडलं. आधीची स्तुती उडवली तरी चालते. आमच्या साहेबांनी नेमकं उलटं केलं.

केनेडींवर मात्र अन्याय नको. न्यूयॉर्क टाइम्सने ७ एप्रिलला क्युबाच्या तयारीची बातमी चार कॉलमवरून एका कॉलमवर आणली होती. पुढे केनेडींनीच त्या पेपरच्या संपादकांना खासगीत सांगितलं की तुम्ही आणखी छापलं असतं तर आम्ही मोठ्या चुकीतून वाचलो असतो. आणि त्या भाषणातही अधिकृत सेन्सॉरशिप आणणार नाही असं ते स्वच्छ म्हणाले होते. आमचे मंत्री तेवढंही म्हणाले नव्हते.

राहिला हत्येचा भाग. भाषण १९६१ चं, हत्या २२ नोव्हेंबर १९६३ ची. हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाने गोळ्या झाडणारा ऑस्वाल्ड एकटाच होता म्हटलं, १९७९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने बहुधा कट असावा म्हटलं. तो वाद मोठा आहे, वेगळा प्रश्न टाका. मी त्यात पडणार नाही.