पीआरसाठी पासपोर्ट कुरिअरने पाठवावा का?

तुमचा प्रश्न असा: कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी, पासपोर्ट साताऱ्याहून कुरिअरने पाठवला तर चालेल का, आणि सोबत मूळ जन्मदाखला, मार्कलिस्ट द्यायच्या का?

पासपोर्ट पाठवू नका. पुण्यातल्या व्हिसा अर्ज केंद्रात स्वतः नेऊन द्या. साताऱ्याहून पुणे किती लांब आहे हो? आम्ही सांगलीकर. आमचा मेहुणा पुण्यात राहतो. २०१९ च्या जुलैअखेर मुलाला आणि सुनेला पासपोर्ट मागवणारं पत्र आलं. मुलगा कुपवाड एमआयडीसीत, त्याला रजा मिळेना. मी म्हटलं, मी जातो. तर मेहुण्याचा फोन, "दाजी, एवढ्यासाठी स्वारगेटपर्यंत कशाला येताय? कुरिअर करा, अधिकारपत्र जोडा, मी केंद्रात देऊन येतो."

३ ऑगस्टला, शनिवारी, पेठेतल्या एका कुरिअरवाल्याकडे पाकीट दिलं. तो म्हणाला, सोमवारी निघेल. सोमवारी पेठेतच पाणी यायला लागलं. आयर्विन पुलाजवळ इशारा ओलांडून, धोक्याची ४५ फुटांची खूण मागे टाकून कृष्णा पुढे ५७ फुटांवर गेली. महामार्ग बंद, कुरिअरवाल्याचा फोन बंद. आम्ही विश्रामबागेत कोरडे, आणि दोन पासपोर्ट तळमजल्यावरच्या पोत्यात! पाणी उतरल्यावर मी चिखल तुडवत गेलो. पाकीट मिळालं, हे नशीबच. पण पानं एकमेकांना चिकटून पापडाच्या लाटीसारखी झालेली. सुनेच्या फोटोवर गाळाचा डाग. वास तर आठवडाभर कपाटातून गेला नाही.

खराब झालेला पासपोर्ट म्हणजे पुन्हा अर्ज. प्रत्येकी ३००० रुपये, पुन्हा पोलिस चौकशी, नवा नंबर. तो नंबर तिकडच्या कार्यालयाला कळवायचा. तोवर तिकडची मुदत पुढे सरकत नाही, हे लोकांना माहीत नसतं. पीआरच्या कागदावरची तिकडे उतरायची शेवटची तारीख बहुधा वैद्यकीय तपासणीला धरून असते आणि ती तपासणी बारा महिनेच चालते. आमची फेब्रुवारीतली. पोरं जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत टोरांटोला उतरली. मार्चमध्ये कोरोनामुळे कॅनडाने दारं बंद केली. दोन महिने उशीर झाला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

मेहुणा अजून म्हणतो, "पूर आला त्यात कुरिअरचा काय दोष?" बरोबर. पण मी शनिवारी सकाळच्या एसटीने निघालो असतो तर पाकीट संध्याकाळी त्याच्या देवघरात असतं, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि ६००० रुपयांत माझ्या किती फेऱ्या झाल्या असत्या, तो हिशेब मी त्याला लग्नाकार्यात सांगत असतो. (खरं सांगायचं तर त्या शनिवारी माझा गुडघा दुखत होता आणि मीही मनातून सुटलो होतो. हे त्याला सांगितलेलं नाही.)

राहिला प्रश्न कागदांचा. अर्ज ऑनलाइन असेल तर मूळ जन्मदाखला, मार्कलिस्ट देत बसू नका, स्कॅन चालतात. पदवी तिकडच्या बरोबरीची आहे का, ही तपासणी करून घेताना मात्र मार्कलिस्ट विद्यापीठाकडूनच सीलबंद पाकिटात किंवा थेट मेलने लागते, तिथे तुमच्या हातची झेरॉक्स उपयोगी नाही. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि सोबत भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र लागतं. घरच्याने केलेलं चालत नाही, मग तुमची वहिनी इंग्रजीची प्राध्यापक का असेना.

हां, घरात म्हातारं माणूस एकटं असेल, पुण्याला जाणं अशक्यच असेल, तर स्पीड पोस्ट करा, पावती जपा, सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. पावसाळा सोडून.

मेहुण्याच्या मुलीचा पासपोर्ट गेल्या वर्षी मुंबईला द्यायचा होता. तो स्वतः घेऊन गेला. मला त्याने सांगितलं नाही, बायकोकडून कळलं.