घर तपासणीला लायसन्स लागत नाही, मग रिपोर्टमध्ये काही राहून गेलं तर जबाबदारी माझ्यावर येते का?

तुम्ही लिहिलंय की सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, नाशिकमध्ये फ्लॅट तपासून देण्याचं काम सुरू करायचंय, आणि लायसन्सच नाही तर कोर्टात कोण कशाला खेचेल? खेचू शकतात. आणि लायसन्स नसण्यानं तुमची बाजू भक्कम होत नाही, उलट लंगडी पडते. मी बारा वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लायसन्ससोबत कामाचं ठरलेलं माप येतं. अमेरिकेत टेक्सासमध्ये तपासनिसानं काय बघायलाच हवं आणि काय सोडलं तरी चालेल, हे नियमांत लिहिलंय. छपरावर चढणं धोक्याचं वाटलं तर चढायची सक्ती नाही. वाद झाला की ते माप समोर ठेवता येतं. शिवाय तिथे १ लाख डॉलरचा विमा सक्तीचा आहे. कॅलिफोर्नियात मात्र लायसन्स नाही, तरी कायद्यानं तपासनिसावर काळजीचं कर्तव्य टाकलंय आणि 'जबाबदारी फक्त फीएवढी' अशी अट रद्दबातल ठरवलीय. म्हणजे लायसन्स नसलं तरी जबाबदारी असतेच.

आपल्याकडे आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला महापालिकेचं लायसन्स लागतं. घर तपासणारा मात्र कुणीही होऊ शकतो. ग्राहक २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली 'सेवेतील त्रुटी' म्हणून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. तिथे माप कुठलं लावणार? डॉक्टरांच्या एका खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं सगळ्याच व्यावसायिकांबद्दल सांगितलंय: जे कौशल्य आहे म्हणून सांगितलं ते नसेल, किंवा असूनही नेहमीच्या काळजीनं वापरलं नसेल, तर निष्काळजीपणा. त्यामुळे जाहिरातीत 'घराची संपूर्ण तपासणी' असं छापलंत, की तेच शब्द तुमच्यासमोर ठेवले जातील.

माझ्यावर हे बेतलंय. पाथर्डी फाट्याजवळ वरच्या मजल्याचा रिसेलचा फ्लॅट, एप्रिल महिना. गच्चीला कुलूप, सेक्रेटरी गावाला गेलेले. मी स्लॅबला खालून मॉइश्चर मीटर (ओल मोजायचं यंत्र) लावला, स्लॅब कोरडा. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'गळती आढळली नाही.' जुलैत तो फ्लॅट घेतलेल्या काकांचा फोन आला. बेडरूममध्ये पंख्याच्या रॉडवरून थेंब थेंब पाणी, माळ्यावरचं प्लास्टर फुगून हाताला लागत होतं. मागोमाग वकिलाची नोटीस. माझं वाक्य त्या दिवसापुरतं खरं होतं, पण गच्ची पाहिलीच नाही हे मी कुठेही लिहिलं नव्हतं. फी परत केली, वॉटरप्रूफिंगचा निम्मा खर्च दिला. काका घर घेण्याआधी माझ्या भरवशावर होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून रिपोर्टच्या पहिल्याच पानावर न पाहिलेल्या गोष्टी कारणासह येतात: 'गच्चीला कुलूप होतं, गच्ची पाहिली नाही. तपासणी कोरड्या दिवसांत झाली, पावसाळ्यातल्या गळतीबद्दल यावरून अंदाज बांधू नये.' सोबत कुलपाचा फोटो. बाथरूममध्ये पाणी तुंबवून २४ तास ठेवायची परवानगी मिळाली नाही, तर तेही लिहितो. टाइलवर हातोडीनं ठोकून पोकळ आवाज आला तर खोली आणि टाइलची जागा नोंदवतो.

'स्ट्रक्चर सुरक्षित आहे' असं कधीच लिहू नका. कॉलमला तिरकी भेग दिसली तर तेवढं नोंदवून लायसन्सवाल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे पाठवा. गोदावरीकाठचा फ्लॅट असेल तर लोक पूररेषेबद्दल विचारतातच. ते नकाशावरून ठरतं, भिंती बघून नाही.

नवीन फ्लॅट असेल तर रेराचं (बिल्डरांवरच्या नियमनाच्या कायद्याचं) कलम १४ ग्राहकाला आवर्जून सांगा. ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर त्यानं तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. तुमचा रिपोर्ट तिथे पुरावा म्हणून लागतो, म्हणून तारीख आणि फोटो नीट हवेत.

काम सुरू करण्याआधी व्याप्ती लिहिलेल्या करारावर सही घ्या. 'जबाबदारी फीपुरती' हे कलम घाला, पण त्यावर विसंबू नका, ग्राहक आयोग ते एकतर्फी म्हणून अमान्य करू शकतो. व्यावसायिक जबाबदारीचा विमा पहिल्या वर्षापासून घ्या आणि खंड पडू देऊ नका. अशा पॉलिसीत साधारणपणे दावा येतो त्या दिवशी ती चालू असावी लागते, आणि एप्रिलच्या रिपोर्टचा दावा पुढच्या पावसाळ्यातही येऊ शकतो.