जुनं सागवान एसीच्या खोलीत नेताना

प्रिय,

तुझी हॉटेलच्या खोल्यांची ड्रॉइंग पाहिली. पलंगामागे जुन्या सागवानाचं पॅनलिंग, बाथरूमबाहेर फुटक्या क्रॉकरीचं मोझेक. कल्पना मनापासून आवडली, पण क्रम उलटा झालाय. तू आधी 2400 मिमीच्या एकसारख्या फळ्या काढल्यास आणि आता तसा माल शोधणार आहेस. पाडकामाचा माल ऑर्डरप्रमाणे येत नसतो. आधी मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात जा, मिळतील त्या तुळया, वासे, चौकटी मोज, विकत घेऊन गोदामात टाक आणि मग ड्रॉइंगला बस. खिळ्यांची भोकं, भेगा, किडका भाग गेल्यावर निम्मं लाकूड हाती लागलं तरी पुष्कळ. म्हणजे 10 घनफूट हवं असेल तर 20 घे. वर दहा टक्के राखीव ठेव, कारण दोन वर्षांनी एक फळी खराब झाली तर तिची जोडी बाजारात मिळणार नाही.

लाकडावर जुना रंग असेल तर कोरडं पॉलिशपेपर मारू देऊ नकोस. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून आली. त्याआधीच्या रंगात शिसं आहे असंच धर. ओलं करून खरवडायचं, कारागिरांना चांगले मास्क द्यायचे, खरवड वेगळी भरून ठेवायची. मग प्रत्येक नगावर मेटल डिटेक्टर फिरव. आत तुटून राहिलेला एक खिळा रंधा मशीनची पाती खातो.

किडीसाठी नुसतं औषध चोपडणं पुरत नाही, ते खोल उतरत नाही. सीझनिंगच्या, म्हणजे लाकूड सुकवायच्या भट्टीत लाकडाच्या गाभ्याला 56 अंश सेल्सिअस सलग 30 मिनिटं मिळायला हवेत. निर्यातीच्या पॅकिंगच्या लाकडाला हाच निकष लावतात.

आता खरी अडचण. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या गोदामातलं लाकूड 16 टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून असतं; सतत एसी चालणाऱ्या खोलीत ते 9 टक्क्यांवर येतं. तेवढ्या फरकाने 150 मिमी रुंदीची फळी दीड-दोन मिमी आकसते. शंभर वर्षांचं लाकूड आता हलणार नाही, हा समज चुकीचा आहे. म्हणून भट्टीनंतर दोन आठवडे एसीत ठेव, फळीच्या मधोमध ओलावा मोजायचं मीटर लावून बघ, मगच टंग-ग्रूव्ह (फळ्या एकमेकींत बसवायची जीभ आणि खाच) काढ. फळीला मध्यावर एकच पक्का स्क्रू, बाकीची भोकं लांबट, म्हणजे फळीला आकसायला जागा राहते. सरसकट गोंद लावलास तर फळी मधून तडकेल. पॉलिश मागच्या बाजूलाही हवं, नाहीतर ती वाकते.

बालीत सेमिन्याकच्या पोटॅटो हेड बीच क्लबची दर्शनी भिंत आंद्रा मातिन या वास्तुरचनाकाराने इंडोनेशियाभरातून गोळा केलेल्या जुन्या लाकडी झडपांनी उभारली. लहानमोठ्या, वेगवेगळ्या रंगांच्या झडपा तशाच लावल्या आहेत. फोटो नीट बघ: मालातला फरक तिथे झाकलेला नाही, आणि लाकूड मोकळ्या हवेत आहे. तुझं बंद खोलीत आहे, त्यामुळे तुझे जोड वेगळेच लागतील.

मोझेकमध्ये क्रॉकरीसोबत बाटल्यांची काच घालणार असशील तर 25 टक्के सिमेंटच्या जागी फ्लाय ॲश (औष्णिक वीज केंद्रातली बारीक राख) घे. सिमेंटमधल्या अल्कलीची काचेशी प्रक्रिया होऊन तयार होणारा पदार्थ फुगतो आणि काही महिन्यांनी लादीला केसासारख्या भेगा पडतात. फ्लाय ॲशने रंग करडा होतो, म्हणून नमुना आधी करून क्लायंटची सही घे.

आणि राखीव फळ्या त्याच हॉटेलच्या एसी स्टोअरमध्ये, आडव्या, मध्ये पट्ट्या घालून रचायला सांग.

तुझा,
काका